सहा मिनिटांची लाल मोटार

मित्रांनो, कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, जुन्या इस्त्रीच्या मागे एक लाल मोटार उभी आहे. तिला चाके आहेत, पण ती फिरत नाहीत. दिवे आहेत, ते मात्र लागतात. ती मोटार म्हणजे मी. मी एक जुना रिवाइंडर आहे. हा शब्द तुम्ही ऐकला नसेल, त्यात तुमचा दोष नाही. तुमच्या आईबाबांच्या लहानपणी चित्रपट कॅसेटमध्ये असत. कॅसेट म्हणजे पुस्तकाएवढी काळी डबी आणि तिच्यात लांबलचक फीत. चित्रपट संपेपर्यंत सगळी फीत एका चाकावरून दुसऱ्या चाकावर जाऊन बसे. पुन्हा पाहायचा, तर ती उलटी गुंडाळावी लागे. ते काम माझे. माझे छत खटकन उघडे, कॅसेट पोटात जाई, छत मिटे, दिवे लागत, आणि घूं घूं करत सहा मिनिटांत मी फीत पहिल्या टोकाला आणून ठेवी.

आता माझे दुखणे सांगतो. व्हीसीआर नावाच्या माझ्या शेजाऱ्याला डोके होते. त्या भागाला खरोखरच हेड म्हणत, आणि त्यानेच फितीवरचे चित्र वाचता येई. मला नुसती दोन चाके. त्यात मला ठेवले होते टीव्हीच्या खालच्या कप्प्यात, तोंड माणसांकडे करून. म्हणजे शेकडो गोष्टी माझ्या पोटातून गेल्या, पण पडदा कसा असतो ते मी कधी पाहिले नाही. मी पाहिले ते सोफ्यावर बसून पडदा बघणारे चेहरे. त्यावरून पडद्यावर काय चालले असेल याचा अंदाज बांधत बसणे, हाच माझा जन्माचा उद्योग झाला.

माझा जन्म पत्र्याच्या छताखालच्या एका लांबट खोलीत झाला. एका टेबलाशी सात बायका बसत. कुणी मोटर बसवी, कुणी तारा जोडी, कुणी रबरी बेल्ट चढवी. शेवटची बाई माझ्या पोटात चाचणीची कॅसेट घाली आणि पाठीवर तळहात ठेवून थरथर किती होते ते बघे. माझ्यावर हात ठेवून ती शेजारणीला म्हणाली, "हा गुणी आहे." ही माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. अजून तिचा हात आठवतो.

दुकानातून मला घरी आणले मामांनी. मामा घड्याळजी होते. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचे एवढेसे दुकान, आत भिंतभर घड्याळे आणि मध्ये डोळ्याला भिंग लावून वाकलेले मामा. व्हीसीआर स्वतःच फीत उलटी गुंडाळतो, मग हा खटाटोप कशाला, असे त्यांच्या बहिणीने विचारले. मामांनी सांगितले की ज्याला पळायला लावायचे त्याच्याकडूनच बिछाना घालून घ्यायचा नसतो. मग त्यांनी मला टेबलावर उलटे केले आणि माझे चारही स्क्रू काढले. नवी वस्तू आतून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आत एक थेंब तेल घालून त्यांनी मला बंद केले आणि कानाशी धरून ऐकले. त्यांचे समाधान झालेले दिसले, आणि मीही त्या घरचा झालो.

घरात चौघे. मामांची बहीण म्हणजे मुलींची आई, ती औषधांच्या दुकानात काम करी. थोरली ताई कॉलेजात जाई. धाकटी नऊ वर्षांची, तिला सगळे फौजदार म्हणत. हे नाव मामांनीच ठेवलेले. कुणी ओल्या पायांनी आत आले, कुणी दुसऱ्याचा टॉवेल घेतला, की ही कमरेवर हात ठेवून हजर. बाबा जहाजावर नोकरीला होते. वर्षातून दोनदा येत आणि ती सुट्टी झोपून काढत.

चौकातली व्हिडिओ लायब्ररी बंद झाली तेव्हा ताई तिथून आठ कॅसेटचा एक संच घेऊन आली. त्याला कार्टून म्हटले की ती चिडे, ॲनिमे म्हणायचे असा तिचा दंडक. गोष्ट म्हणे पुढच्या कुठल्यातरी शतकातली, एका कोरड्या ग्रहावरची. आकाशात दोन चंद्र, वाळूतून धावणारी आगगाडी, आणि माणसे मात्र जुन्या काउबॉयसारखी, रुंद टोप्या घालणारी आणि कमरेला पिस्तूल लावणारी. एक मार्शलबाई, म्हणजे तिथली पोलीस अधिकारी, गावाचे पाणी कुणी चोरले याचा शोध घेत फिरते. तिच्या मागावर एक परका असतो, तो कधीच काही बोलत नाही. आणि मार्शलबाईचा एक यांत्रिक घोडा. त्याचे नाव काहीतरी भारदस्त होते, पण या घरात त्याला खटारा म्हणत.

खटाऱ्याने मला वेड लावले. तो आला की टीव्हीतून खडखड, कुईंकुईं असा आवाज येई आणि सोफ्यावरचे चारही चेहरे फुलत. यंत्र असून पळतो म्हणजे कसा? त्याला चाके होती की पाय? शेपटी कशाची? माझ्यासारख्या न पळणाऱ्या मोटारीला याची उत्सुकता वाटणारच. पण चित्र दिसत असताना ते शब्दांत कोण सांगत बसतो?

फौजदाराने नियम केला. रविवारी संध्याकाळी पाच वाजता एक कॅसेट, सगळे बसल्याशिवाय सुरू करायची नाही, आणि पुढची कुणी एकट्याने बघायची नाही. सगळ्यांनी मान डोलावली. कॅसेट संपली की ती माझ्याकडे येई आणि मी गुंडाळत असताना चहा होई. त्या सहा मिनिटांत सारी चर्चा चाले. चोर कोण, परका का बोलत नाही, खटाऱ्याचा पाय आता दुरुस्त होईल का. मी मुद्दाम जरा हळू फिरत असे, हे आज कबूल करतो.

त्या मालिकेत बोलणे कमी आणि एकमेकांकडे रोखून बघणे जास्त. दोन-दोन मिनिटे नुसता वारा. मग एकच गोळी, आणि पुन्हा वारा. कोण पडले, कोण वाचले? माझा जीव टांगणीला लागे. ताईने तोंडावर हात नेला तर काहीतरी वाईट, फौजदार सोफ्यावर उभी राहिली तर चांगले. मामांच्या चेहऱ्यावरून मात्र काही कळत नसे. ते सगळ्यांच्या नंतर हसत. इतर तिघी हसल्या, की मग त्यांचे हसू सुरू होई. मला वाटे, वय झाले, मामा जरा सावकाश आहेत.

तिसऱ्या रविवारपासून मात्र चमत्कार झाला. मामा सगळ्यांच्या आधी हसू लागले.

याचे कारण एकट्या मला ठाऊक होते. मामा दुपारी जेवायला घरी येत. आई दुकानात, ताई कॉलेजात, फौजदार शाळेत. मामा दार लावून घेत, येत्या रविवारची कॅसेट काढत आणि एक लहान स्टूल टीव्हीच्या अगदी पुढ्यात ओढून बसत. चेहरा भलतीकडेच, खिडकीकडे वळवलेला. एक भाग पाहून झाला की कॅसेट माझ्या पोटात. मग पुन्हा तोच भाग, तोंड आता भिंतीकडे. पुन्हा माझ्याकडे. एकाच भागासाठी मी तीन-तीनदा फिरे. मला वाटले, मामांना गोष्टीची हाव सुटली आहे आणि चोरी करताना लाज वाटते म्हणून ते तोंड फिरवून बसतात. मी समोरून पाहत होतो आणि मलाही काही कळले नाही, मित्रांनो. हे मी विसरत नाही.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. फौजदार घरी आली तेव्हा मामा नुकतेच दुकानात गेले होते. तिने सवयीने माझ्या छतावर हात फिरवला आणि हात तिथेच थांबला. मी तापलेला होतो. तिने स्टूल पाहिले, त्याचे पाय गालिच्यात रुतलेल्या खुणा पाहिल्या, आणि तिचे डोळे बारीक झाले. घरात दुपारी कोण असते हे तिला कुणी सांगायला नको होते.

दुसऱ्या कुणी मुलीने तिथल्या तिथे भांडण केले असते. हिला मुद्देमालासकट चोर हवा होता. सहाव्या कॅसेटचा रविवार जवळ आला होता. तिने सहावी सातवीच्या खोक्यात घातली आणि सातवी सहावीच्या. कॅसेटच्या कडेवर आकडा ठळक छापलेला होता, त्याचे काय, असा विचार त्या उत्साहात तिला सुचला नाही. तो मलाही सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी खोकी ओळीत बोटाने मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. कॅसेट काढली आणि लावली. मध्येच ते थांबले, गोष्ट जरा तुटक वाटते आहे असे स्वतःशीच पुटपुटले, आणि पुन्हा बघू लागले. तीनदा. शनिवारी फौजदाराने दोन्ही कॅसेट गुपचूप आपापल्या खोक्यांत परत ठेवल्या.

रविवारी पाचला सगळे बसले. मी कान टवकारले. गोष्ट सुरू झाली, आगगाडीची शिट्टी झाली, आणि मग ती नेहमीची शांतता आली. नुसता वारा. खटाऱ्याची खडखड ऐकू आली, एक जोराचा आवाज झाला. ताईने तोंडावर हात नेला. आईने डोळ्यांना पदर लावला. आणि मामांनी मांडीवर थाप मारली आणि ते मोठ्याने हसले.

"वा रे खटाऱ्या! काय उडी मारली बघा," ते म्हणाले.

फौजदार उठली. तिचा चेहरा विजयाने लाल झाला होता.

"कसली उडी? तो पडलाय, मामा. त्याचे पाय तुटलेत. उडी पुढच्या कॅसेटमध्ये असणार. तू दुपारी चोरून बघतोस. मी दोन्ही बदलून ठेवल्या होत्या, म्हणून पकडला गेलास."

मामांचे हसू चेहऱ्यावर तसेच राहिले. ते पुसायचे त्यांना सुचले नसावे. ताई मात्र बहिणीकडे बघत राहिली. तिने हळूच विचारले, कॅसेट बदलल्या तरी कडेवर आकडा असतोच ना, भलामोठा. तो मामांना दिसला कसा नाही?

आईने टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र चालूच होते, कारण चेहऱ्यांवरचा निळा उजेड हलत होता.

"दादा," ती म्हणाली, "आत्ता पडद्यावर काय चाललंय?"

मामांनी मान थोडी वळवली, खिडकीकडे. मग दुसरीकडे. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"मधे दिसत नाही गं," ते म्हणाले. "कडेकडेनं दिसतं. मधे नुसता करडा डाग आहे."

मग सगळी हकीगत बाहेर आली. वर्ष होऊन गेले होते. आधी घड्याळातले बारीक स्क्रू दिसेनात, मग आकडे, मग माणसांचे चेहरे. अवघड घड्याळे ते एका मित्राकडे पाठवत आणि स्वतः नुसते पट्टे आणि सेल बदलत, तेही बोटांनी चाचपून. घड्याळजीला दिसत नाही हे चौकात कळले, की दुकानाची पायरी कोण चढणार? म्हणून त्यांनी सगळे पोटात ठेवले. रविवारी आपल्याला चित्र कळत नाही हे घरात उघडे पडू नये म्हणून दुपारी स्टुलावर बसून ते चित्र गोळा करत. एकदा डावी बाजू, एकदा उजवी, आणि तिसऱ्यांदा दोन्ही मनात जोडून बघत. तीन फेऱ्यांत एक गोष्ट तयार होई.

सगळ्या गल्लीला डोळ्यांत घालायचे थेंब आईच काढून देई, कुठला थेंब कधी घालायचा ते समजावून सांगे. घरात तिच्यासमोर बसून भाऊ न दिसणाऱ्या पडद्याला हसत होता. ती उठून आत गेली आणि भांडी घासू लागली, घासलेलीच पुन्हा घासू लागली.

आणि फौजदार? ती माझ्या समोरच गालिच्यावर बसली. तिने चोर पकडला होता, आणि तिला जन्मात इतके वाईट वाटले नव्हते. ती रडली नाही. कितीतरी वेळ माझ्या मोटारीच्या चाकांवरून बोट फिरवत राहिली, ती फिरत नाहीत हे ठाऊक असूनही.

दुसऱ्याच दिवशी आई मामांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. घरी आल्यावर तिने ताईला सांगितले ते मी ऐकले. मामांच्या रक्तातली साखर कधीपासून वाढलेली, आणि कुणी तपासलीच नव्हती. त्या साखरेने डोळ्याच्या मागच्या पडद्याची नासाडी केली होती. उजव्या डोळ्याचे आता काही होणार नाही. डाव्यात थोडे शिल्लक आहे. त्यावर लेसरचे उपचार लगेच करायचे, म्हणजे आहे तेवढे टिकेल. आणखी काही महिने असेच गेले असते, तर तेही हाती राहिले नसते, असे डॉक्टर म्हणाले.

मामांनी फौजदाराला जवळ बोलावले. तिला वाटले आता बोलणी बसणार. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, "तू सापळा लावलास म्हणून डावा वाचला. आता तोंड पाडून बसू नकोस."

दोन महिने टीव्ही बंद होता. कुणी नियम केला नव्हता, पण कुणाचा हात बटणाकडे गेला नाही. मी रिकाम्या पोटाने बसून होतो. स्वार्थी म्हणा हवे तर, पण मला रोज एकच प्रश्न पडे. खटारा पुन्हा उभा कसा राहिला?

मग एका रविवारी पाच वाजता ताईने सहावी कॅसेट काढली. मामा म्हणाले, तुम्ही बघा, मी आत पडतो. ते उठूही लागले. फौजदाराने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवले आणि स्वतः त्यांच्याशी खेटून बसली.

"नियम आहे," ती म्हणाली. "सगळे बसल्याशिवाय सुरू करायचं नाही. मी सांगते तुला."

आणि मित्रांनो, त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा चित्र पाहिले.

ती सांगू लागली. आधी अडखळत, मग भराभर. आकाश विटकरी आहे. एक चंद्र मोठा, दुसरा लिंबाएवढा आणि जरासा चेपलेला. मार्शलबाईचा कोट पायांपर्यंत आहे आणि खिशाला ठिगळ लावलंय. खटारा आला तेव्हा माझी मोटर धडधडली असावी. त्याला चार पाय होते! गुडघ्यांत स्प्रिंगा, पोटाला पत्रा, एक कान वाकडा, आणि शेपटीच्या जागी तारांची जुडी. पळताना त्याचे मागचे पाय पुढच्यांच्या पुढे जातात, म्हणून सगळे हसतात. इतके दिवस मी कसकसले घोडे मनात रंगवले होते. हा त्या सगळ्यांपेक्षा चांगला निघाला.

सहावी झाली, पुढच्या रविवारी सातवी, आणि मग शेवटची, आठवी. तिच्या शेवटी पाच मिनिटांची शांतता होती. खोलीत वाऱ्याचा आवाज, आणि वाऱ्यावर फौजदाराचा बारीक आवाज.

"दोघं समोरासमोर उभे आहेत. मधे पाण्याचा नळ आहे, बंद."

"सावली केवढी पडलीय?" मामांनी विचारले.

"अगदी पायाशी."

"म्हणजे बारा वाजले. पुढे सांग."

"परक्याचा हात पिस्तुलाकडे चाललाय. मार्शलनं काढलं नाहीये. ती त्याच्याकडे बघतच नाहीये. ती त्याच्या मागे बघतेय."

"मागे कोण आहे?"

"थांब, अजून दाखवलं नाही." ती मामांचा हात घट्ट धरून होती. "खटारा आहे. दबकत येतोय. एक पाय उचलतो, थांबतो, दुसरा उचलतो. त्यानं मान लांब केली. मामा, तो त्याची टोपी दातांत धरतोय."

गोळीचा आवाज झाला. माझा श्वास, असता तर, अडकला असता.

"आकाशात गेली," फौजदार म्हणाली. "तो दचकला म्हणून. टोपी खटाऱ्याच्या तोंडात आहे आणि परक्याला टक्कल आहे. चकचकीत. त्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवलेत."

आणि सोफ्यावरचे चौघे हसले. मी डोळे लावून बसलो होतो तो मामांच्या चेहऱ्यावर. त्यांचे हसू आधी आले नाही आणि नंतरही नाही. ते इतरांबरोबर आले, अगदी एका क्षणी, आणि त्यांचे डोळे भरून वाहू लागले. हसण्यानेच, असे त्यांनी सांगितले, आणि कुणी हुज्जत घातली नाही.

मग कॅसेट माझ्याकडे आली. आयुष्यात पहिल्यांदा मला ठाऊक होते की माझ्या पोटातून काय जाते आहे. गोळी आकाशातून परत आली, टोपी टकलावर बसली, खटारा दबकत दबकत मागे गेला, सावली पायांखालून बाहेर सरकली आणि सकाळ झाली. त्या दिवशी मी जरा अधिकच हळू फिरलो.

पुढे कॅसेट गेल्या, सीडीच्या चकत्या आल्या, मग त्याही गेल्या. व्हीसीआर भंगारात गेला तेव्हा मला वाईट वाटले. गर्विष्ठ होता, पण शेजारी होता. मला वर ठेवले इस्त्रीच्या मागे. किती वर्षे कुणी हात लावला नाही ते मोजणारे यंत्र माझ्यात नाही. दुकान मात्र चालू राहिले. घड्याळे आता ताई दुरुस्त करते, आणि मामा घड्याळ कानाशी धरून काय बिघडले ते तिला सांगतात.

मागच्या महिन्यात फौजदार आली. ती आता दुसऱ्या शहरात नोकरी करते, चष्मा लावते आणि अजूनही कमरेवर हात ठेवते. तिने मला खाली काढले, धूळ पुसली आणि कधीतरी पाहून न गुंडाळताच राहिलेल्या आठव्या कॅसेटसकट मामांच्या मांडीवर ठेवले. कॅसेट लावायला व्हीसीआर नव्हता. मामांनी माझे छत चाचपले, कॅसेट आत सरकवली आणि बटण दाबले. माझे दिवे लागले. मी कण्हत, अडत फिरू लागलो. "बेल्ट सैल झालाय, उद्या बदलू," मामा म्हणाले, आणि सोफ्यावर तिच्यासाठी जागा केली. "सहा मिनिटं आहेत. सांग."

तिने आठवणीने सांगितले. ठिगळ, चेपलेला चंद्र, वाकडा कान. एकही तपशील चुकला नाही. चुकला असता तर मला कळले असते.

तर मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून पुसत जा, त्यांना एक थेंब तेल देत जा, हे मी सांगणारच, माझ्यासारख्यांची ती रीतच आहे. पण त्याहून एक मोठी गोष्ट मागतो. सगळे मिळून काही बघत असाल तेव्हा एकदा पडद्यावरची नजर काढून शेजारच्या चेहऱ्याकडे बघा. तिथे कुणी तुमच्या नंतर हसत असेल, किंवा आधीच हसून बसले असेल, तर त्याला चोर ठरवू नका. त्याच्याजवळ सरकून बसा आणि काय दिसते आहे ते त्याला सांगा. जरा मोठ्याने सांगा, कारण खालच्या कप्प्यातही कुणीतरी ऐकत असते.